ख्रिस्तेतरांचे बायबल : पेण-रोह्याकडून पाहताना

ख्रिस्ती नसलेला माणूस बायबल उघडतो तेव्हा त्याला पहिली अडचण येते ती पुस्तकाच्या बांधणीची. बायबल हा एक ग्रंथ नसून ग्रंथसंग्रह आहे. प्रॉटेस्टंट पंथीयांच्या प्रतीत ६६ ग्रंथ असतात, कॅथलिकांच्या प्रतीत ७३. जुना करार मुळात हिब्रू भाषेतला, त्यातला थोडा भाग अरामी भाषेतला. नव्या करारातले २७ लहानमोठे ग्रंथ ग्रीक भाषेतले. त्यांत कायदेकानू आहेत, वंशावळी आहेत, राजांच्या बखरी, स्तोत्रे, सुभाषिते, एक प्रेमकाव्य, विलापगीते आणि खासगी पत्रेसुद्धा आहेत. आजची अध्यायांची विभागणी तेराव्या शतकातली आणि वचनांचे क्रमांक सोळाव्या शतकातले. कादंबरीसारखे पहिल्या पानापासून वाचत गेलेला वाचक लेवीय पुस्तकातल्या बलिविधींपाशी हमखास अडकतो. लंडनमध्ये शिकत असताना गांधीजींचेही असेच झाले. उत्पत्तीच्या पुढचे अध्याय वाचताना त्यांना झोप येई; नव्या करारातले डोंगरावरचे प्रवचन मात्र त्यांच्या मनाला जाऊन भिडले.

या अडचणीतून पुढचे प्रश्न निघतात. हे सारे देवाचे बोलणे आहे असे ख्रिस्ती माणूस म्हणतो ते कोणत्या अर्थाने? येशू देवाचा पुत्र म्हणजे काय? एकाच्या मरणाने दुसऱ्याचे पाप कसे फिटते? आणि ज्याच्या कानावर हे कधी पडलेच नाही त्याचे काय? हे प्रश्न मराठी मुलखात दोनशे वर्षे विचारले जात आहेत. जुन्या कुलाबा जिल्ह्यात, म्हणजे आजच्या रायगडात, ते ज्या विविध बाजूंनी विचारले गेले तशी विविधता महाराष्ट्रात इतरत्र सहसा आढळत नाही. पेण तालुक्यातल्या गागोद्याला ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे जन्मले. त्यांनी पुढे ‘ख्रिस्तधर्म-सार’ संकलित केले. मिशनऱ्यांशी मुंबईच्या चौपाटीवर वाद घालणारे विष्णुबुवा ब्रह्मचारी याच जिल्ह्यातल्या शिरवलीचे. आणि या दोघांच्याही आधीपासून पेण, रोहे, अष्टमी, अलिबाग, रेवदंडा या पट्ट्यात बेने इस्रायल नावाचे यहुदी राहत होते. बायबलचा मोठा भाग त्यांचाच होता, तरी ते ख्रिस्ती नव्हते.

बेने इस्रायलांची परंपरा सांगते की अलिबागजवळच्या नवगावापाशी गलबत फुटले आणि सात पुरुष व सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. त्यांचे वंशज गावोगाव पसरले, तेलाचे घाणे चालवू लागले आणि शनिवारी घाणा बंद ठेवीत म्हणून ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जाऊ लागले. आडनावे गावांवरून पडली: पेणकर, रोहेकर, अष्टमकर, दिवेकर, किहीमकर. सुंता, शनिवारचा विसावा, खाण्यापिण्याचे काही नियम, काही सण आणि ‘शेमा’ ही प्रार्थना एवढे त्यांच्याजवळ टिकले होते. ग्रंथ मात्र राहिला नव्हता. निर्गमाच्या पुस्तकातली विसाव्याच्या दिवसाची आज्ञा कोकणातली ही मंडळी पिढ्यान्‌पिढ्या पाळत होती, पण ती जिथे लिहिली आहे ते पान त्यांच्या हाती नव्हते.

ते पान हाती आले मिशनऱ्यांमुळे. अमेरिकन मराठी मिशनने १८१३ पासून मुंबईत काम मांडले आणि लवकरच किनाऱ्यावरच्या गावांत मराठी शाळा काढल्या. १८२३ मध्ये स्कॉटिश मिशनरी बाणकोटला आले. बेने इस्रायल मुले या शाळांत गेली आणि त्यांच्यातले कित्येक जण तिथे शिक्षकही झाले. १८२९ मध्ये मुंबईस आलेल्या जॉन विल्सन यांनी १८३२ मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण छापले. ते मुख्यतः याच समाजासाठी होते. मिशनऱ्यांचा हिशेब उघड होता. ज्यांच्याजवळ मोशे आणि संदेष्टे आहेत त्यांना येशू पटवणे हिंदूंपेक्षा सोपे जाईल, असे त्यांना वाटत होते.

हिशेब चुकला. बेने इस्रायलांनी व्याकरण घेतले, जुना करार मराठीतून घेतला, शाळा घेतल्या, आणि ख्रिस्ती मात्र फार थोडे झाले. १८४६ मध्ये मुंबईत वल्हांडण सणाच्या रात्री वाचायची हग्गादा हिब्रू व मराठीत शिळाछापावर निघाली. १८७४ मध्ये पुण्यात तिची चित्रे असलेली आवृत्ती निघाली. १८८० च्या सुमारास या समाजात कीर्तने सुरू झाली. बेंजामिन शिमशोन अष्टमकर हे त्यांतल्या आरंभीच्या कीर्तनकारांपैकी एक. त्यांचे घराणे कोणत्या गावचे हे आडनावच सांगते. अब्राहाम, योसेफ, मोशे यांची आख्याने साकी-दिंडीत रचून, पूर्वरंग-उत्तररंगाच्या घडणीत रंगू लागली. मिशनऱ्यांनी मराठीत आणलेला मजकूर हरिदासी पद्धतीने यहुदी श्रोत्यांपुढे मांडणे, हा मराठी वाङ्मयाच्या इतिहासातला एक अनोखा प्रकार आहे. वाङ्मयेतिहासांनी त्याला जेवढी जागा द्यायला हवी तेवढी दिलेली नाही. या समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल किहीमकर यांनी १८७५ मध्ये मुंबईत इस्रायली शाळा काढली. १८९७ मध्ये लिहून झालेला त्यांचा इतिहास १९३७ मध्ये तेल अवीवला छापला गेला. मिशनऱ्यांचे ऋण त्यांनी मोकळेपणाने मान्य केले, पण धर्म आपलाच ठेवला.

या नकारामागे कारण होते, आणि ख्रिस्ती श्रद्धा समजून घ्यायला ते फार उपयोगी पडते. यहुद्यांचे पवित्र ग्रंथ आणि प्रॉटेस्टंटांचा जुना करार यांतला मजकूर एकच आहे. यहुदी गणतीत ते २४ ग्रंथ, ख्रिस्ती गणतीत ३९. फरक आहे तो क्रमात. यहुदी क्रमात संदेष्टे मध्ये येतात आणि ‘इतिहास’ हा ग्रंथ शेवटी. त्यामुळे पोथी संपते ती पर्शियन सम्राट कोरेश हद्दपार यहुद्यांना यरुशलेमेस परत जायची मोकळीक देतो तिथे. ख्रिस्ती क्रमात संदेष्टे शेवटी जातात. तिथे अखेरचा ग्रंथ मलाखीचा, आणि त्याचा शेवट होतो एलीया संदेष्टा पुन्हा पाठवला जाईल या अभिवचनावर. पान उलटले की नवा करार, आणि लवकरच उंटाच्या केसांचे वस्त्र घातलेला बाप्तिस्मा करणारा योहान. येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांपैकी मत्तयाच्या शुभवर्तमानात येशू सांगतो की येणारा एलीया तो हाच. म्हणजे एकाच मजकुराची एक मांडणी मायभूमीला परतण्यापाशी थांबते, आणि दुसरी कुणाची तरी वाट पाहत थांबते. ख्रिस्ती वाचक जुना करार दुसऱ्या मांडणीने वाचतो. त्यातली प्रत्येक मोठी घटना त्याला येशूकडे बोट दाखवताना दिसते. हे ध्यानात आले नाही तर ख्रिस्ती प्रवचनातला निम्मा युक्तिवाद अधांतरी वाटतो.

एलीयाचे उदाहरण कोकणात आणखी पुढे जाते. अलिबागजवळच्या खंडाळ्याला एका खडकावर एलियाहू हन्नबीच्या रथाची खूण उमटली आहे अशी बेने इस्रायलांची श्रद्धा आहे. पोहे, खोबरे, गूळ, फळे यांचा मलिदा करून त्याच्या नावाने नवस फेडतात. त्यांच्यासाठी एलीया आजही येऊन जाणारा, संकटात धावणारा संदेष्टा आहे. ख्रिस्ती वाचनात त्याचे काम योहानापाशी पुरे झाले आहे. गंमत अशी की चौथ्या शुभवर्तमानात योहानाला ‘तू एलीया आहेस का’ असे थेट विचारले जाते आणि तो नाही म्हणतो. शुभवर्तमानांतच हा ताण आहे, आणि तो झाकून ठेवावा असे संकलकांना वाटले नाही.

ग्रंथाच्या प्रामाण्याचा प्रश्न इथूनच उभा राहतो. वेद अपौरुषेय मानणाऱ्या परंपरेतला वाचक बायबलकडूनही तशीच अपेक्षा धरतो. कुराणाशी परिचित असलेला वाचक शब्दशः उतरलेल्या ग्रंथाची अपेक्षा धरतो. मुख्य प्रवाहातल्या ख्रिस्ती धर्मविचारात बायबल या दोन्हींहून वेगळे आहे. लिहिणारी माणसे आहेत, त्यांची भाषा, काळ आणि मर्यादा त्यांच्याच आहेत, आणि त्यांच्या लिहिण्याला देवाची प्रेरणा आहे, असे ते मानले जाते. ही प्रेरणा किती शब्दशः धरायची यावर ख्रिस्ती पंथांतच तीव्र मतभेद आहेत. मत्तय येशूची वंशावळ अब्राहामापासून शलमोनामार्गे खाली आणतो. लूक ती दाविदाच्या दुसऱ्या मुलामार्गे आदामापर्यंत वर नेतो, आणि योसेफाच्या बापाचे नावही दोघांत वेगळे आहे. बहुतेक अभ्यासक मार्कचे शुभवर्तमान सर्वांत आधीचे, इ. स. ७० च्या आसपासचे मानतात. येशूने स्वतः काही लिहून ठेवल्याचे कुठे आढळत नाही. ख्रिस्ती माणसाच्या लेखी मूळ प्रकटीकरण म्हणजे एक व्यक्ती आणि ग्रंथ म्हणजे तिची साक्ष. म्हणून चार साक्षींत तफावत असणे त्याला हिंदू वादपटूला वाटते तेवढे घातक वाटत नाही.

वादपटूंना ते घातक वाटले खरे. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मिशनरी पुराणांतल्या देवांच्या लीलांवर टीका करीत आणि हिंदू शास्त्री तीच फूटपट्टी बायबलला लावीत. मुंबईत १८३१ च्या सुमारास मोरभट दांडेकर यांनी विल्सन यांच्याशी वाद घातला आणि तो छापील स्वरूपातही पोहोचवला. विष्णुबुवांचा (जन्म १८२५, मूळ नाव विष्णू भिकाजी गोखले) वाद जास्त गाजला. १८५७ मध्ये समुद्रकिनाऱ्यावर आठवड्यामागून आठवडे उघड्यावर सभा होत. पलीकडच्या बाजूला अमेरिकन मिशनरी जॉर्ज बोवेन असत, आणि त्यांनीच त्या चर्चेचा इंग्रजी वृत्तान्त प्रसिद्ध केला. दावीद राजाने दुसऱ्याची बायको घेतली आणि तिच्या नवऱ्याला लढाईत मारवले, मग तो देवाचा लाडका कसा, हा त्या काळच्या वादांतल्या धाटणीचा आक्षेप. त्याला उत्तर ग्रंथातच आहे. नाथान संदेष्टा दाविदाला तोंडावर दोषी ठरवतो. बायबल आपल्या नायकांना आदर्श म्हणून पुढे करीत नाही, उघडे पाडते. पण यहोशवाच्या पुस्तकात कनानी नगरे माणसांसकट संहारण्याची आज्ञा खुद्द देवाच्या तोंडी आहे. त्यावर ख्रिस्ती पंडितांनी दिलेली उत्तरे, म्हणजे काळाची मर्यादा, रूपक, क्रमाक्रमाने होणारे प्रकटीकरण, ही सारी त्यांच्याच लोकांना अपुरी वाटत आली आहेत. हा आक्षेप आजही निकाली निघालेला नाही.

विष्णुबुवा ज्या साली जन्मले त्याच साली झाशीकडच्या एका कोकणस्थ घरात नीळकंठ गोरे जन्मले. काशीत शास्त्राध्ययन करताना त्यांनी ख्रिस्ती मताच्या खंडनासाठी ‘शास्त्रतत्त्वविनिर्णय’ हा संस्कृत ग्रंथ लिहिला. पूर्वजन्म नसेल तर नुकत्याच जन्मलेल्या बालकाला दुःख का? मोजक्या वर्षांच्या पापाला न संपणारी शिक्षा हा कुठला न्याय? कर्मसिद्धान्तात वाढलेल्या माणसाचे ख्रिस्ती मताला असलेले हे खरे आव्हान, आणि ते इतक्या नेमकेपणाने क्वचितच कुणी मांडले असेल. १८४८ मध्ये गोरे स्वतःच ख्रिस्ती झाले आणि नेहेम्या गोरे या नावाने षड्दर्शनांची चिकित्सा करू लागले. प्रश्न त्यांना सुटले की त्यांनी ते मागे टाकले, यावर दोन्ही बाजूंनी लिहिले गेले आहे. बालकाच्या दुःखाबद्दल बायबल हिशेब देत नाही, एवढे मात्र निश्चित. ईयोबाच्या पुस्तकात निरपराध माणूस दुःख भोगतो, त्याचे मित्र त्याला जवळजवळ कर्मफळाचाच उपदेश करतात, आणि अखेरीस देव त्या मित्रांनाच चुकीचे ठरवतो. दुःखाचे कारण मात्र सांगत नाही.

आता पुत्रत्वाचा प्रश्न. ‘देवाचा पुत्र’ हे शब्द शारीरिक अर्थाने घेतले की ते बेने इस्रायलालाही पटत नाहीत, मुसलमानालाही नाहीत आणि ख्रिस्ती माणसालाही नाहीत. इ. स. ३२५ च्या निकेया आणि ४५१ च्या खाल्सेदोन येथील धर्मसभांनी ठरवले ते असे: येशू पूर्ण देव आणि पूर्ण मनुष्य आहे, आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा मिळून एकच देव आहे, तीन देव नव्हेत. मराठी वाचकाला याचा पटकन लागणारा अर्थ म्हणजे अवतार. तो अर्थ वाट दाखवतो आणि काही पावलांवर चुकवतोही. अवतार युगायुगांत होतात, मत्स्यापासून कृष्णापर्यंत रूपे बदलतात, आणि कार्य संपले की देह टाकला जातो. देहधारण एकदाच होते, रोमी सुभेदार पिलात याच्या कारकिर्दीत, ज्ञात इतिहासात. आणि पुनरुत्थानानंतरही येशू तो मानवी देह टाकत नाही. भूक, थकवा, मरणापूर्वीची भीती ही लीला नाही, खरीच आहे, असा ख्रिस्ती मताचा आग्रह आहे. अवताराच्या अर्थावर समाधान मानणाऱ्या वाचकाला गेथशेमाने बागेतली येशूची तगमग कळत नाही. देवाला भीती कशी वाटेल, असेच त्याच्या मनात येते.

क्रुसाचा प्रश्न सर्वांत अवघड. करील त्याने भोगावे या मतात वाढलेल्याला, एकाने भोगले म्हणून दुसरा सुटला हे अन्यायाचे वाटते. इथेही बेने इस्रायलांच्या बाजूने पाहिले तर वाट थोडी सापडते. लेवीय पुस्तकाच्या सोळाव्या अध्यायात प्रायश्चित्ताच्या दिवशी लोकांची पापे एका बोकडाच्या डोक्यावर ठेवून त्याला रानात सोडतात. निर्गमात वल्हांडणाच्या कोकराचे रक्त दाराच्या चौकटीला लावलेले असते. पहिल्या शतकातले येशूचे अनुयायी यहुदी होते, आणि त्याच्या भयंकर मरणाचा अर्थ लावायला त्यांच्या हाती याच प्रतिमा होत्या. यशयाच्या ५३ व्या अध्यायात इतरांसाठी निमूटपणे मार खाणारा एक सेवक येतो. तो कोण? यहुदी भाष्यकारांच्या प्रचलित मते ते इस्राएल राष्ट्र. ख्रिस्ती मते येशू. प्रेषितांच्या कृत्यांत, आठव्या अध्यायात, रथात बसून यशया वाचणारा एक इथिओपियन अधिकारी नेमके हेच विचारतो: संदेष्टा हे स्वतःविषयी बोलतो की दुसऱ्या कुणाविषयी? वाचलेले कळते का, या प्रश्नावर त्याचे उत्तर असे की कुणी समजावल्याशिवाय कसे कळेल. बायबलबद्दल परक्याला पडणारा प्रश्न बायबलमध्येच असा नोंदलेला आहे.

मरणाने तारण होते कसे, याची एकच अधिकृत उपपत्ती ख्रिस्ती जगतात नाही. अकराव्या शतकात अन्सेल्मने ती देवाच्या अवमानाच्या भरपाईच्या भाषेत मांडली. पुढच्याच शतकात आबेलारने ती प्रेमाच्या भाषेत मांडली, की ते मरण पाहून माणसाचे मन पालटते. प्राचीन धर्मसभांच्या श्रद्धासूत्रांनी ‘आमच्यासाठी’ एवढेच म्हणून विषय मोकळा ठेवला. रस्त्यावर वाटल्या जाणाऱ्या पत्रकांत भरपाईचा अर्थ एकटाच येतो, म्हणून वाचकाला वाटते की तेवढाच ख्रिस्ती धर्म.

विनोबांनी या सगळ्या वादाला वळसा घातला. धम्मपदाची त्यांनी नव्याने मांडणी केली, १९६२ मध्ये ‘कुराण-सार’ काढले, आणि त्याच पद्धतीने नव्या करारातली वचने निवडून ‘ख्रिस्तधर्म-सार’ तयार केले. स्वतःची टीका जवळजवळ नाही. निवड आणि क्रम हेच भाष्य. या वाटेने त्यांच्या आधी काही जण गेले होते. १८२० मध्ये राममोहन रॉय यांनी येशूचा उपदेश वेगळा काढून छापला आणि बंगालमधल्या श्रीरामपूरच्या जोशुआ मार्शमन यांनी त्यांच्यावर कडक टीका केली. अमेरिकेत जेफरसनने त्याच सुमारास शुभवर्तमानांतले चमत्कार कापून काढून नीतीची चोपडी स्वतःपुरती तयार केली. महाराष्ट्रात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’त (१८७३) येशूला पश्चिमेकडच्या बळीच्या रूपात पाहिले, ही आणखी वेगळी वाट. विनोबांची वृत्ती या सर्वांहून नम्र होती. कुणाला खोडून काढण्यासाठी नव्हे, तर आपल्या साधनेसाठी ते वाचत होते, आणि शेजाऱ्याचा ग्रंथ न वाचता शेजारधर्म पुरा होत नाही हे त्यांच्या उभ्या कामातून दिसते.

पण सार काढले की काहीतरी खाली राहतेच. शुभवर्तमाने मुळात उपदेशग्रंथ नाहीत, ती एका मरणाची कथा आहेत. मार्कच्या सोळा अध्यायांपैकी शेवटचे सहा येशूच्या आयुष्यातल्या अखेरच्या जेमतेम एका आठवड्याचे आहेत. मार्शमनची राममोहनांवरची तक्रार हीच होती, आणि ती पंथाभिमानाची म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही. साराने ख्रिस्ताची शिकवण कळते. ख्रिस्ती माणूस रविवारी भाकर आणि द्राक्षारस का घेतो, हे कळत नाही.

न ऐकलेल्यांचे काय, या प्रश्नावर खुद्द कॅथलिक चर्चची भूमिका बदलली आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजीच्या घोषणेत इतर धर्मांत जे सत्य व पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही असे जाहीर केले, आणि येशूच्या मरणाचा दोष सरसकट यहुद्यांवर टाकणे अमान्य केले. अनेक प्रॉटेस्टंट पंथ मात्र ख्रिस्तावाचून तारण नाही या जुन्या भूमिकेवर ठाम आहेत. रोह्यात १९२० मध्ये जन्मलेले, गीतेचे प्रवचनकार पांडुरंगशास्त्री आठवले यांना १९९७ मध्ये टेंपलटन पुरस्कार मिळाला. एका ख्रिस्ती उद्योजकाने सुरू केलेला आणि १९७३ मध्ये प्रथम मदर तेरेसांना दिला गेलेला हा पुरस्कार तेव्हा धर्माच्या क्षेत्रातल्या कार्यासाठी दिला जाई. इतर धर्मांकडे पाहण्याच्या ख्रिस्ती दृष्टीतला बदल रोह्यापर्यंत असा पोहोचला.

आज मराठी वाचकाला साधने भरपूर आहेत. पंडिता रमाबाईंनी मूळ भाषांवरून केलेले भाषांतर केडगावच्या मुक्तिसदनात छापले गेले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ टिपांसह उपलब्ध आहे. क्रम मात्र पानांचा धरू नये. मार्कचे शुभवर्तमान आधी, एका बैठकीत; मग मत्तयातले पाच ते सात अध्याय; मग निर्गमाचे पहिले वीस अध्याय, यशयाचा ५३ वा आणि प्रेषितांच्या कृत्यांचा आठवा; त्यानंतर ईयोब. पौलाचे रोमकरांस पत्र सर्वांत शेवटी घ्यावे, कारण त्यातला प्रत्येक मुद्दा जुन्या कराराचे आधीचे वाचन गृहीत धरून मांडलेला आहे.